तात्यांचं मौन आणि अठ्ठेचाळीस आकडे

लॅपटॉप उघडला तर पडदा निळाशार. वर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, की या यंत्राची डिस्क कुलूपबंद झाली आहे, उघडायची असेल तर रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाची किल्ली, टाका. खाली एक लांबलचक चौकट. अठ्ठेचाळीस आकडे मागत होती ती चौकट माझ्याकडे, आणि मला तर माझ्या नवऱ्याचा मोबाइल नंबरसुद्धा धड पाठ नव्हता.

मी लॅपटॉप बंद केला, परत चालू केला. तेच. चार्जर काढला, लावला. तेच. अर्हंतांचं नाव घेऊन झाकण मिटलं, दोन मिनिटं हात जोडून बसले आणि उघडलं, तर निळा रंग तसाच. रात्री आपोआप काहीतरी अपडेट झालं असणार, आणि त्यात ते यंत्र मालकालाच ओळखेनासं झालं होतं. चोरापासून राखण म्हणून ते कुलूप घातलेलं असतं म्हणे. चोर बाहेर आणि मालकीण पण बाहेर, अशी ती राखण.

ही गोष्ट जयसिंगपूरची. मगदूमांच्या घरात मी धाकटी सून. सासऱ्यांचं, म्हणजे तात्यांचं, पाइप आणि नळसामानाचं दुकान, दोन मुलगे दुकानात, आम्ही दोघी जावा घरात, आणि सासूबाई सगळ्यांच्या मध्ये. माझं माहेर मिरजेचं. बाबा बोर्ड रंगवायचे, दुकानांच्या पाट्या. त्यांच्या हाताखाली मी अक्षरं गिरवली, मग कमर्शियल आर्ट शिकले, मग लग्न झालं आणि ब्रश माळ्यावर गेला. ब्रश गेला तरी अक्षरांचं वेड काही गेलं नाही. दुपारी घर झोपलं की मी त्या लॅपटॉपवर अक्षरं काढत बसायची. एक पूर्ण फॉन्ट तयार करत होते मी, देवनागरीचा. अ पासून ज्ञ पर्यंत, काने, वेलांट्या, सगळी जोडाक्षरं. नुसत्या ळ वर माझा एक अख्खा उन्हाळा गेला होता. बाबांच्या ब्रशाला जसं वळण होतं तसं मला संगणकाच्या अक्षराला आणायचं होतं, आणि ते येत आलं होतं.

पुण्यात फॉन्ट बनवणारी एक कंपनी आहे. तिथल्या रेगे बाईंनी माझी काही अक्षरं पाहिली होती आणि सांगितलं होतं, की पूर्ण काम पाठवा, आवडलं तर नोकरी देऊ, पण पुण्यात येऊन राहावं लागेल. शेवटची तारीख होती त्या दिवशीची, संध्याकाळी सहापर्यंत. काम संपलं होतं. आज शेवटचा हात फिरवायचा आणि पाठवायचं, एवढंच उरलं होतं. आणि ते सगळं त्या निळ्या पडद्याच्या मागे जाऊन बसलं होतं.

आता तुम्ही विचाराल, दुसरीकडे कुठे ठेवलं नव्हतं का? शहाण्या माणसानं ठेवलं असतं. पण आमच्या घरात पेनड्राइव्ह म्हणून जी वस्तू येई ती गाणी भरून बोलेरोत जाई. आणि इंटरनेटवर ठेवायचं तर तिथं दुसरीच गंमत होती. तो लॅपटॉप मुळात दुकानाचा. जीएसटी आला तेव्हा हिशेबासाठी घेतलेला, विकणाऱ्या दुकानदारानंच तात्यांच्या नावानं ईमेल काढून सुरू करून दिलेला. पुढे दुकानात मोठा कॉम्प्युटर आला आणि हा माझ्याकडे आला. पण आतलं खातं तात्यांचंच. त्यावर काही चढवलं की ते तात्यांच्या मोबाइलवर दिसणार. एकदा मी नणंदेच्या डोहाळजेवणाचे फोटो टाकले तर ते तात्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवले होते. मग मी ते चढवायचं बटणच बंद करून टाकलं. माझी अक्षरं कुणाला दिसू नयेत म्हणून मीच त्यांना एका खोलीत कोंडलं, आणि आता त्या खोलीचं दार लागलं होतं.

माझ्या मैत्रिणीचा नवरा कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, वहिनी, दोनच वाटा आहेत. एक तर ती की टाका, नाही तर डिस्क पुसून नवी करा. पुसली तर आतलं सगळं गेलं. मी म्हटलं, कुलूप तोडता येत नाही का? तो हसला. म्हणाला, तोडता येत नाही म्हणूनच तर ते कुलूप आहे. लॅपटॉप पहिल्यांदा ज्याच्या खात्यानं सुरू केला असेल त्याच्या खात्यात ती की साठवलेली असते. कुणाचं खातं आहे?

मी म्हटलं, सासऱ्यांचं. तो म्हणाला, मग झालंच की काम, मोबाइलवरून त्या खात्यात जा, त्यांना ओटीपी येईल, तो टाका. बिचाऱ्याला काय माहीत, की आमच्या घरात ओटीपी मागणं म्हणजे काय असतं.

तुम्हाला सांगते. आमच्या घरात सगळ्यांचे ओटीपी तात्यांच्या मोबाइलवर यायचे. गॅस, बँक, शाळा, वीज, जावेच्या साडीपासून पुतण्याच्या परीक्षेपर्यंत, जिथं जिथं नंबर मागत तिथं घरानं डोळे झाकून तात्यांचाच नंबर दिलेला. कुणी ठरवलं नव्हतं, ते तसंच पडत गेलं होतं. त्यामुळे घरात कुणालाही काहीही करायचं झालं, की तात्यांच्या खुर्चीसमोर जाऊन उभं राहायचं. तात्या सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढणार, चष्मा लावणार, आकडे बघणार आणि मग आपल्याकडे बघून विचारणार, "कशाला पायजे?"

ते रागावत नसत, हेच तर अवघड होतं. तात्या दुष्ट असते तर माझं सोपं झालं असतं. माझ्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकड्यावर हा माणूस बसून होता, माझा नवरा घरी जाऊन झोपला होता. तात्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. ते बोलायचे. समोर बसवून, चहा मागवून, इकडचं तिकडचं, कुणाचं घर कसं फुटलं, कुणाचा मुलगा शहरात जाऊन कसा परका झाला, सगळं मायेनं, सावकाश. माझे यजमान भरतेश लग्नाआधी नाशिकला एका कारखान्यात नोकरीला निघाले होते. तात्या त्यांच्याशी तीन संध्याकाळी बोलले. चौथ्या दिवशी भरतेश आपण होऊन म्हणाले, की नको, इथंच बरं आहे. आजही त्यांना विचाराल तर ते म्हणतील, तात्यांनी कधी अडवलं नाही, मीच गेलो नाही.

म्हणून मी पुण्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. भरतेशना अर्धवट माहीत होतं. आधी होऊ दे, मग तात्यांना बघू, असं ते म्हणायचे, आणि होणार नाही याची त्यांना मनातून खात्री असावी.

त्यात दिवस कुठला, तर अनंत चतुर्दशीचा. आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी तात्यांचा निर्जळी उपवास आणि मौन. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, अभिषेकाला जायचे, आले की माडीवरच्या खोलीत चटई टाकून जप करत बसायचे, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळी देवदर्शन करून आल्यावरच तोंड उघडायचे. मोबाइल बंद करून कपाटात, कपाटाला किल्ली, आणि किल्ली तात्यांच्या कमरेला. त्या एका दिवशी आमच्या घरात कुणाचंही कुठलंही काम होत नसे.

मी त्रिशलाताईंना, म्हणजे मोठ्या जावेला, म्हटलं, की लॅपटॉप अडकलाय, तात्यांच्या फोनवर ओटीपी येणार आहे. त्या डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "आज? आज तर देव आला तरी ओटीपी मिळणार न्हाई त्याला. उद्या बघ की."

"उद्या उपयोग नाही."

"असं काय हाय त्यात?"

मी काही बोलले नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत डाळीत हात घातला. आमच्या घरात कोण काही बोललं नाही की दुसऱ्यानं विचारायचं नसतं. विचारायचं काम तात्यांचं.

भरतेश मालाच्या खरेदीला बेळगावला गेले होते. त्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या पारणं झालं की तात्यांना सांगू. मी येतोच रात्रीपर्यंत."

"आज सहाला संपतंय."

"मग त्या बाईंना सांग की, एक दिवस द्या म्हणून."

सांगितलं होतं. रेगे बाई चांगल्या होत्या, पण त्यांचं म्हणणं, की बाकीच्यांनी वेळेत पाठवलंय, तुमच्यासाठी दार उघडं ठेवलं तर त्यांना काय सांगू? सहापर्यंत थांबते, त्यापुढं नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी भरतेशना म्हटलं, की मग मी वर जाऊन तात्यांनाच मागते. तिकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. ते म्हणाले, "पद्मा, आज मौनात त्यांना त्रास देऊ नको." आणि फोन ठेवता ठेवता, "माझं नाव घेऊ नको."

दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. लेकीला, अनुज्ञाला, शाळेतून आणलं, जेवायला घातलं, धुणं काढलं, घड्या घातल्या. दर थोड्या वेळानं जाऊन लॅपटॉप उघडायची, जणू आपलं काम बघून त्याला दया येईल. मला वाटायचं, की हे यंत्र आपल्या घरातलंच झालंय, सगळं आत धरून बसलंय आणि वर शांतपणे विचारतंय, कशाला पाहिजे. संतापानं मला रडू येत होतं आणि रडायला घरात कोपरा नव्हता. पुढच्या खोलीत सासूबाई, मागे जाऊ, वर तात्या. शेवटी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

नळ बंद केला तेव्हा मनात एक खोटं तयार होतं. दुकानाच्या जीएसटीचं काहीतरी राहिलंय, आज नाही भरलं तर दंड पडेल. दंड म्हटल्यावर तात्या मौनातसुद्धा उठले असते. खोटं चांगलं होतं, बसवलेलं होतं, तेच तोंडात धरून मी जिना चढले. पाच वाजून गेले होते.

तात्या भिंतीला पाठ न टेकता बसले होते, हातात माळ. उपवासानं चेहरा उतरला होता. मी दारात उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले आणि भुवया वर केल्या.

"तात्या, ओटीपी पाहिजे होता," मी म्हटलं.

त्यांनी डावा हात उचलला आणि तळवा वर करून फिरवला. कशाला?

आता खोटं बोलायचं. एवढंच करायचं होतं मला. पण एक विचित्र गोष्ट झाली. तात्यांनी विचारलं आणि ते थांबले. पुढं काही आलंच नाही. एरवी मी एक वाक्य बोलायची आणि तात्या तीन बोलायचे, आणि त्या तिनातून वाट काढण्यात आपण काय सांगायला आलोय तेच विसरायचं. आज समोर नुसती शांतता. खोटं बोलायलासुद्धा समोरून कुणीतरी बोलावं लागतं. जीएसटी हा शब्द माझ्या ओठावर आला आणि तिथंच सुकला.

मी चटईच्या कडेला खाली बसले आणि म्हटलं, "तात्या, मला पुण्याला नोकरी मिळण्यासारखी आहे."

माळ थांबली.

मग मी सगळं सांगितलं. दुपारी मी काय करते ते सांगितलं. बाबांच्या पाट्यांचं सांगितलं, ळ चं सांगितलं, रेगे बाईंचं सांगितलं. लॅपटॉप कसा अडकलाय आणि त्याची किल्ली त्यांच्याच खात्यात कशी आहे तेही सांगितलं. आवाज चढला असेल माझा. नऊ वर्षं या घरात मी एवढं सलग कधी बोललेच नव्हते, मला वाटत होतं की हे आपण नाही, दुसरंच कुणीतरी बोलतंय.

"मला इथं कुणी त्रास देत नाही," मी म्हटलं. "तुम्ही तर मला लेकीसारखं वागवलं. पण तात्या, मला इथं श्वास पुरत नाही. प्रत्येक गोष्टीला येऊन उभं राहायचं, कशाला ते सांगायचं. तुम्ही नाही म्हणत नाही, पण तुमच्यासमोर उभं राहिलं की माझंच मला नको वाटायला लागतं. मला जायचं आहे. हे आले तर आम्ही तिघं जाऊ, नाही आले तर मी आणि अनुज्ञा. सहा वाजेपर्यंत पाठवलं नाही तर मला परत कुणी विचारणार नाही."

बोलून झालं. भरतेश त्यांचं नाव घेऊ नको म्हणाले होते, त्यांचा विषयही काढून झाला होता. खाली सासूबाई कुणाला तरी पाणी देत होत्या त्याचा आवाज येत होता.

तात्या माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा ओठ एकदा हलला. मला वाटलं मौन मोडणार. मग त्यांनी डोळे मिटले आणि माळेचा पुढचा मणी ओढला, मग त्याच्या पुढचा.

झालं, मी म्हटलं मनात. हेच उत्तर. उठून जावं की बसावं कळेना. बसलेच राहिले, कारण खाली जाऊन करायचं तरी काय होतं? मणी सरकत होते आणि भिंतीवरचं घड्याळही सरकत होतं, आणि त्या खोलीतून मी आयुष्यात कधी बाहेर पडणार नाही असं मला खरोखर वाटलं.

माळ पूर्ण झाली. तात्यांनी ती डोळ्यांना लावली, डबीत ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले. कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. मोबाइल काढला, चालू केला आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा खिडकीत होता. मी तो धावत जाऊन दिला.

माझ्या मोबाइलवर मी त्यांच्या खात्याचा पासवर्ड टाकला. तो घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता, बोलेरोचा नंबर. कोड पाठवला असं आलं. पण तात्यांचा फोन नुकताच जागा झालेला, त्यावर पर्वाच्या शुभेच्छा धो धो कोसळायला लागल्या. देवांची चित्रं, फुलं, हात जोडलेले. त्या गर्दीत कोड येईपर्यंत त्याची मुदत संपली. परत मागवला. साडेपाच होऊन गेले होते. तात्या एकेक शुभेच्छा बोटानं बाजूला सारत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. मग त्यांनी चष्मा नाकावर ढकलला आणि माझ्याकडे पाहिलं. कोड आला होता.

मोबाइल त्यांनी माझ्या हातात दिला नाही. तो सवयीचा भाग असेल. त्यांनी हात वर केला आणि बोटं दाखवली. चार. मग दोन्ही हात, सात. मग मिटलेली मूठ, म्हणजे शून्य. असे एकेक करून आकडे त्यांनी बोटांवर सांगितले, मी टाकत गेले. खातं उघडलं, आणि एका पानावर ते अठ्ठेचाळीस आकडे निमूट बसलेले दिसले.

मी त्यांच्या पायांना हात लावला आणि खाली पळाले. त्रिशलाताईंच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, वाचा. त्यांनी काही विचारलं नाही, मोठ्यानं वाचायला लागल्या, मी टाकत गेले. एक आकडा चुकला, सगळं नाकारलं. परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पडदा काळा झाला, मग उजळला, आणि माझा ळ समोर आला. जमला त्या दिवशीच मी तो पडद्यावर चिकटवून ठेवलेला.

शेवटचा हात वगैरे काही फिरवला नाही. होतं तसं पाठवलं. रेगे बाईंचं लगेच उत्तर आलं, मिळालं म्हणून. त्रिशलाताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पडद्यावरचं उत्तर वाचलं, त्यात पुणे हा शब्द होता. त्या नुसतं म्हणाल्या, "जा, तोंड धू."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. कारण आता उद्या सकाळ होणार होती आणि तात्या बोलणार होते. रात्री भरतेश आले. म्हणाले, तात्या काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही. काही नाही म्हणजे काय? मौनात होते, काय म्हणतील? ते पलंगावर बसून राहिले. मग म्हणाले, उद्यापासून बोलायला लागतील. नाशिकच्या वेळच्या त्या तीन संध्याकाळी त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होत्या.

सकाळी तात्या बस्तीतून आले, पारणं केलं आणि बोलायला लागले. दुधाबद्दल बोलले, दुकानाबद्दल बोलले, बेळगावच्या मालाबद्दल भरतेशशी बोलले. माझ्याशी फक्त, चहात साखर कमी हाय, एवढंच. दुसरा दिवस तसाच गेला. तात्या बोलत होते आणि ती गोष्ट सोडून बोलत होते. मी त्यांच्या पावलांचा आवाज आला की पदर सावरून उभी राहायची, आता बोलावतील, आता चहा मागवतील आणि समोर बसवतील. मी मनात उत्तरं रचून ठेवली होती, आणि मला खात्री होती की त्यांच्या तिसऱ्या वाक्याला ती सगळी गळून पडतील. चतुर्दशीला निदान वेळेची मुदत होती, याला तीही नव्हती.

मग क्षमावणीचा दिवस आला. आमच्यात पर्व संपलं की सगळे एकमेकांची क्षमा मागतात. थोरला धाकट्याची, धाकटा थोरल्याची. वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणायचं, समोरच्यानं उत्तम क्षमा म्हणायचं. बस्तीत तर रांगच लागते, हात जोडायचे, म्हणायचं, पुढं सरकायचं. खरं सांगायचं तर त्यात कुणी कुणाकडे नीट बघतसुद्धा नाही.

मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. तात्या तिथं आले. ते कधी मागे येत नसत. मी गडबडीनं हात धुतले. त्यांनी हात जोडले. मीही जोडले, आणि सवयीनं माझं वाक्य सुरू केलं, तर ते म्हणाले, "थांब. मला बोलू दे."

मला वाटलं, आला तो दिवस.

"कळत नकळत म्हणतात सगळी," तात्या म्हणाले. "माझं नकळत न्हाई. तवा सांगूनच मागतो. त्या दिवशी मौन नसतं, तर मी तुला तो ओटीपी दिला नसता."

मी जोडलेले हात खाली घेतले.

"न्हाई म्हणालो नसतो. मी न्हाई म्हणत न्हाई. बसवून घेतलं असतं तुला, बोलत बसलो असतो, सहा वाजले असते. आणि तूच म्हणाली असतीस, राहू दे तात्या. वर बसल्या बसल्या माझ्या तोंडात सगळं तयार हुतं बघ. काय काय बोलायचं ते. एक मणी ओढायचा, एक वाक्य गिळायचं. माळ संपली तवा कळलं मला, की आजवर सगळ्यांचं मी असंच केलं."

"पण दिलात की तुम्ही," मी म्हटलं.

"दिला. तोंड बंद हुतं म्हणून दिला. त्याची क्षमा मागालोय."

मला रडू आवरेना. पाठीवरचं ओझं उतरलं म्हणून नव्हे. या माणसानं इतकं खरं बोलावं आणि तरी मी त्याला सोडून जाणार आहे, याचं ते रडू होतं. ओल्या हातांनी मी परत नमस्कार केला आणि म्हणायला लागले, उत्तम...

"आत्ता म्हणू नको," तात्यांनी मला अडवलं. "आत्ता कोण बी म्हणतंय. पुण्याला जा, तिथं ऱ्हा, मग आठवून बघ माझ्यावर राग हाय का. नसला तर म्हण."

आणि ते आत गेले. जा, असं त्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं मला म्हटलं ते असं, मध्येच, भांड्यांच्या ढिगाशेजारी.

नोकरी मिळाली. भरतेश आधी येणार नव्हते, मग आले. मार्गशीर्षात आम्ही पुण्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत राहायला गेलो, आणि माझ्या स्वतःच्या नंबरावर माझं स्वतःचं खातं निघालं. पहिले काही महिने मी रोज म्हणायची, आज फोन करू, आणि करायची नाही. राग होता. इतका राग होता हे मला तिथं गेल्यावरच कळलं. नऊ वर्षांचा तो हळूहळू वर येत राहिला, कुणी न विचारता दूध आणलं, कुणी न विचारता सिनेमाला गेले, की यायचा. मी तो येऊ दिला.

पुढच्या वर्षी क्षमावणी आली तेव्हाही मी फोनवर सगळ्यांशी बोलले आणि तात्यांशी बोलताना ते दोन शब्द टाळले. त्यांच्याही ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी अनुज्ञाची शाळा विचारली आणि विषय बदलला. त्याच्या पुढच्या वर्षी, साध्याच एका दुपारी, ऑफिसात बसल्या बसल्या मी मनात शोधून पाहिलं आणि मला राग सापडला नाही. मी उठून गॅलरीत गेले आणि जयसिंगपूरला फोन लावला. तात्यांनीच उचलला.

मी म्हटलं, "तात्या, उत्तम क्षमा."

पलीकडून काही आलं नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग तात्यांनी फोन सासूबाईंकडे दिला.